आई-बाबांची फ्लूची लस, तीन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी सांगते कोणासाठी घेतली. बाबा ७६, सात वर्षांपूर्वी बायपास झालीये, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आई ७१, डायबिटीस, आणि पावसाळा लागला की छाती भरते. आम्ही पुण्यात राहतो. २०२३ पासून दरवर्षी मे-जूनमध्ये दोघांना फ्लूची लस देतोय, पहिल्या वर्षी क्लिनिकमध्ये आणि नंतरची दोन वर्षं घरी माणूस बोलावून. एका डोसला दोन हजाराच्या आसपास जातात, म्हणजे दोघांचे चार. फ्लूची लस आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे खिशातूनच द्यावे लागतात, आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरात दरवर्षी चार हजार म्हणजे विचार करूनच खर्च होतो. म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा लिहितेय, जेवढं मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं तेवढं सगळं.

पहिलं वर्ष छान गेलं. दोघांनाही ताप नाही, आईला सप्टेंबरमध्ये आठ दिवस खोकला झाला तेवढाच. मी सगळ्यांना सांगत सुटले की लस घ्या, आमच्याकडे एकदम फरक पडला. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाबांना कणकण आली, रात्री १०२ ताप, अंग इतकं दुखत होतं की कूस बदलताना कण्हत होते. डॉक्टरांनी स्वॅब करायला लावला, रिपोर्ट आला इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, म्हणजे फ्लूच. लस घेऊन जेमतेम दोन-अडीच महिने झालेले. शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले, "बघ गं, लस घेऊनही झालाच ना, मग उपयोग काय?" मला उत्तरच सुचेना. ताप चार दिवसांत उतरला, दोन आठवडे थकवा राहिला, ऍडमिट करावं लागलं नाही. आता हे लशीमुळे की डॉक्टरांनी लगेच सुरू केलेल्या गोळ्यांमुळे की बाबांची तब्येतच मुळात काटक म्हणून, हे मी कशावरून सांगणार? लस न घेतलेले दुसरे बाबा माझ्याकडे नाहीत ना तुलना करायला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की "घेतली, वर्षभर ताप नाही, ५ स्टार" आणि "घेऊनही ताप आला, पैसे वाया, १ स्टार" हे दोन्ही रिव्ह्यू एकसारखेच निरुपयोगी आहेत, आणि पहिल्या वर्षी मी जे सांगत फिरले तेही तसंच होतं. मिक्सर घेतला तर चटणी वाटून बघता येते. लशीचं काम म्हणजे काहीतरी न होणं, आणि जे झालं नाही ते एका घरात बसून मोजता येत नाही. त्याला हजारो माणसं लागतात आणि तुलना बरोबरीच्या माणसांत लागते. बाबा बरे झाल्यावर महिनाभर मी हेच वाचत होते, की म्हाताऱ्या माणसांना ही लस किती वाचवते हे मोजतात तरी कसं.

सगळ्यात जास्त मला हलवलं ते अमेरिकेतल्या सिएटलच्या अभ्यासाने, २००६ साली छापून आलेला, लिसा जॅक्सन आणि त्यांचे सहकारी. त्याआधीच्या बऱ्याच अभ्यासांत असं दिसायचं की लस घेतलेल्या वृद्धांमध्ये हिवाळ्यातले मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, मग ते कुठल्याही कारणाने झालेले असोत. निम्मे म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पण तिकडच्याच दुसऱ्या संशोधकांनी हिशोब केला होता की वृद्धांच्या हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंपैकी फ्लूमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांच्याही आत आहेत. मग दहा टक्क्यांचं कारण समजा पूर्ण पुसून टाकलं तरी पन्नास टक्के मृत्यू कमी कसे होणार? कुठेतरी गोम होती.

जॅक्सन यांनी काय केलं, ६५ च्या पुढच्या ७२,५२७ लोकांच्या आठ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि फ्लूचा सीझन सुरू व्हायच्या आधीचे मृत्यूसुद्धा मोजले. म्हणजे फ्लूची साथच नाही, लशीला करण्यासारखं काही कामच नाही, अशा आठवड्यांतले. तर त्या काळात लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. सीझन चालू असताना ४४ टक्के कमी, आणि सीझन संपल्यावर २६ टक्के. फ्लू नसतानाच लशीचा "फायदा" सगळ्यात जास्त! याचा सरळ अर्थ, लस घ्यायला जाणारी माणसं आधीपासूनच जास्त धडधाकट असतात, आणि जी अंथरुणाला खिळलेली आहेत, ज्यांचे शेवटचे काही महिने चाललेत, त्यांना कोणी लस द्यायला नेतच नाही. मग दोन्ही गटांतला फरक सगळा लशीच्या नावावर जमा होतो.

हे वाचलं आणि मला आमची आत्या आठवली. सातारला असते, ८८ वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. बाबा रोज सकाळी टेकडी चढून येतात, त्यांनी लस घेतली. आत्या कूस बदलायलाही माणूस लागतो अशी, तिच्या लशीचा विषयच घरात कोणी काढला नव्हता, मीसुद्धा नाही. म्हणजे आमचं कुटुंब त्या सिएटलच्या नोंदींमध्ये असतं तर बाबा लसवाल्या गटात आणि आत्या बिनलसवाल्या गटात, आणि उद्या आत्याचं काही झालं असतं तर लशीला फुकटचं श्रेय मिळालं असतं. हे इतकं आतून पटलं ना, की मग पुढचे सगळे आकडे वाचताना मी पहिलं हेच बघायला लागले की तुलना कोणाशी केलीये.

आता तुलना नीट करायची तर चिठ्ठ्या टाकून, अर्ध्यांना लस अर्ध्यांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन. असं वृद्धांमध्ये फार थोड्या वेळा झालंय. नेदरलँड्समध्ये १९९१-९२ च्या हिवाळ्यात साठीच्या पुढच्या १,८३८ लोकांवर केलं होतं. रक्त तपासून फ्लू होऊन गेला का ते बघितलं, पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांत ९ टक्के आणि लसवाल्यांत ४ टक्के. पण त्याच लोकांना नुसतं विचारलं की तुम्हाला फ्लू झाला होता का, तर फरक कमी दिसला, कारण सर्दी-खोकला दहा वेगवेगळ्या विषाणूंनी होतो आणि लस त्यातल्या एकावरच काम करते. आईचा सप्टेंबरचा खोकला कशाचा होता ते आता देवालाच माहीत, पण तो मी लशीच्या खात्यात टाकायला नको होता, ना जमेला ना नावे.

असे सगळे चिठ्ठीवाले अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, आढावा काढला. त्यात लस न घेतलेल्या दर १०० वृद्धांत एका सीझनला ६ जणांना फ्लू, लस घेतलेल्यांत २.४. म्हणजे ३० जणांना टोचलं की एकाचा फ्लू टळतो. कोणाला हे कमी वाटेल. मी असा विचार केला की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे आजी-आजोबा साधारण तीसच आहेत, त्यातल्या एकाचा दर सीझनला फ्लू वाचतोय, आणि तो एक कोण ते आपल्याला कधीच कळणार नाही. मला तरी हे दोन हजाराला पटतं. पण "घेतली की होणारच नाही" असं जे क्लिनिकवाले सांगतात ते चूक आहे, आणि तसं सांगितल्यामुळेच मग आमच्या काकांसारख्यांचा विश्वास उडतो.

टक्क्यांचा अजून एक घोळ. "४० टक्के परिणामकारक" म्हटलं की लोकांना वाटतं १०० पैकी ४० जण सुरक्षित आणि ६० जणांना फ्लू होणार. तसं नसतं. लस न घेतलेल्यांना जेवढा धोका आहे त्याच्या ४० टक्के कमी, एवढंच. मूळ धोकाच १०० त ६ असेल तर तो साडेतीनच्या आसपास येतो.

आता वृद्धांना लस द्या असं बऱ्याच देशांनी अधिकृतपणे सांगितलेलं असल्यामुळे पाण्याचं इंजेक्शन देऊन प्रयोग करणं बरोबर दिसत नाही, म्हणून दरवर्षीचे आकडे दुसऱ्या पद्धतीने काढतात, आणि ती पद्धत मला फार हुशार वाटली. ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्या सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा. काहींचा फ्लू पॉझिटिव्ह येतो, काहींचा निगेटिव्ह. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती ते मोजायचं. समजण्यासाठी मी आपले सोपे आकडे घेते, पॉझिटिव्ह १०० पैकी ३० जणांनी लस घेतलेली आणि निगेटिव्ह १०० पैकी ४५ जणांनी. ३० भागिले ७० म्हणजे ०.४३, ४५ भागिले ५५ म्हणजे ०.८२, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.५२, म्हणजे लशीचा परिणाम साधारण ४८ टक्के. यात मेख अशी की दोन्ही गटांतली माणसं स्वतःहून दवाखान्यात आलेली आहेत, त्यामुळे एक गट तब्येतीची काळजी घेणारा आणि दुसरा घरी पडून राहिलेला, हा सिएटलवाला घोटाळा बराच कमी होतो, पूर्ण जात नाही पण कमी होतो. बाबांचा तो ऑगस्टचा स्वॅब असल्या अभ्यासात गेला असता तर "पॉझिटिव्ह, लस घेतलेली" या रकान्यात एक काडी पडली असती, बस, आणि तेवढंच त्याचं खरं वजन आहे.

या पद्धतीने दरवर्षी वेगळा आकडा येतो. अमेरिकेत २०१४-१५ ला सगळ्या वयांचा मिळून फक्त १९ टक्के आला होता, कारण लशीत जो एच३एन२ (फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार) घातला होता त्यापेक्षा फिरणारा विषाणू बदलून गेला होता. आणि एच३एन२ वृद्धांनाच जास्त छळतो. शिवाय वय झालं की शरीर लशीला तितक्या जोरात उत्तर देत नाही, आणि जी ताकद येते तीही काही महिन्यांत उतरत जाते, म्हणून दरवर्षी घ्यायची.

यावर उपाय म्हणून हाय-डोस लस निघाली, नेहमीच्या लशीत फ्लूच्या प्रत्येक प्रकाराविरुद्धच्या औषधाचे १५ मायक्रोग्रॅम असतात तर यात ६०. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ३१,९८९ वृद्धांचा निकाल आला, साध्या लशीत १.९ टक्के लोकांना फ्लू, हाय-डोसमध्ये १.४, म्हणजे साध्या लशीपेक्षा अजून २४ टक्के जास्त संरक्षण. वाचून मी लगेच फोन फिरवायला सुरुवात केली, पण आमच्या ओळखीच्या तीन ठिकाणी ती मिळाली नाही, साधीच मिळाली. चिडचिड झाली होती माझी.

मग २०२५ मध्ये डेन्मार्कचा प्रचंड मोठा अभ्यास आला, ३ लाख ३२ हजारांवर वृद्ध, तीन हिवाळे, अर्ध्यांना हाय-डोस अर्ध्यांना साधी, आणि पुढे कोण ऍडमिट झालं ते सरकारी नोंदींवरूनच कळत होतं. त्यांनी मुख्य मोजमाप ठरवलं होतं फ्लू किंवा न्यूमोनियासाठी ऍडमिट होणं. निकाल, हाय-डोसमध्ये ०.६८ टक्के आणि साधीमध्ये ०.७३. इतका बारीक फरक की योगायोगानेही येऊ शकतो. पण फक्त फ्लूसाठी ऍडमिट झालेले वेगळे काढले तर हाय-डोसमध्ये साधारण ४४ टक्के कमी! तीच माणसं, तीच लस, आणि काय मोजलं त्यावर उत्तर एवढं बदललं, कारण न्यूमोनिया दुसऱ्या जंतूंनीही होतो आणि त्यांच्यावर फ्लूची लस काय करणार. मुख्य निकाल बसला नाही हे खरंच आहे, त्यामुळे मी हाय-डोसला जादू म्हणणार नाही, पण मिळत असेल आणि परवडत असेल तर ६५ च्या पुढच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारा. नाही मिळाली तर साधी घ्या, तिची वाट बघत पावसाळा काढू नका.

बाबांच्या हृदयामुळे अजून एक अभ्यास मी दोनदा वाचला. २०२२ मध्ये आलेला, दहा देशांतल्या ५,१२९ हार्ट फेल्युअरच्या पेशंटवरचा, त्यात भारतही होता. सगळे वृद्ध नव्हते. तिथेही ठरवलेलं मुख्य मोजमाप पूर्ण उतरलं नाही, पण लसवाल्यांत न्यूमोनिया ४२ टक्के कमी आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या १६ टक्के कमी. बाबांना हार्ट फेल्युअर नाहीये पण बायपास झालेल्या माणसाला न्यूमोनिया म्हणजे काय असतं ते आमच्या नात्यात बघितलंय, त्यामुळे माझ्यासाठी हा आकडा ताप येण्या-न येण्यापेक्षा मोठा आहे.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्या वर्षीचं क्लिनिक, नाव लिहीत नाही, तिथे सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली होती. मी विचारलं कुठली लस, तर "फ्लूचीच आहे मॅडम, सगळ्यांना हीच देतो." बिलावर नुसतं "फ्लू व्हॅक्सिन", ना कंपनी ना बॅच. त्यामुळे २०२३ ला बाबांच्या दंडात नक्की काय गेलं, कुठल्या सीझनचं, हे मला आजही माहीत नाही, आणि हे बरोबर नाही. पैसे घेता तर खोका दाखवायला काय हरकत आहे?

नंतरची दोन वर्षं एक सिस्टर घरी येतात. निळी थंड पेटी, आत बर्फाचे पॅक आणि एक छोटा थर्मामीटर, पेटी उघडली की आधी तो मला दाखवतात, २ ते ८ अंशांच्या मध्ये काटा आहे ना बघा म्हणून. मग सीलबंद खोका माझ्या हातात देतात, तारीख वाचून घ्या म्हणतात. खोक्यावर लिहिलेलं असतं उत्तर गोलार्ध की दक्षिण गोलार्ध आणि कुठलं वर्ष. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय घालायचं ते सांगते, फेब्रुवारीत उत्तरेसाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात आणि थोडा जानेवारी ते मार्चमध्ये असतो, त्यामुळे मे-जूनमध्ये घेताना ताजी दक्षिण गोलार्धवाली आहे का ते मी बघते. ताकद यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच. आणि खोक्यावर फ्लूच्या विषाणूचे चारऐवजी तीन प्रकार लिहिले असतील तर फसवलं असं समजू नका, बी-यामागाता नावाचा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर कुठे सापडलेलाच नाही म्हणून तो काढायला सांगितलंय.

बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सिस्टरनी न सांगता विचारलं, बारीक सुई वापरली, आणि नंतर कापूस चोळायचा नाही म्हणाल्या, स्वतः घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरला. सिरिंजवरचं बॅचचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवलं, पंधरा-वीस मिनिटं बसल्या, चहा घेतला, मग निघाल्या. दुसऱ्या दिवशी आईचा दंड दुखत होता आणि जरा कणकण होती, संध्याकाळपर्यंत गेली. दुसरा काही त्रास तिन्ही वर्षांत नाही. (अंड्याची किंवा पूर्वीच्या लशीची जोरदार ऍलर्जी असेल, किंवा सध्या ताप असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.)

घरी येणाऱ्या सर्व्हिसला ५ स्टार. पहिल्या क्लिनिकला १. लशीला मी ४ देते, आणि ते बाबांना ताप आला-न आला यावर नाही तर वरच्या हजारो लोकांच्या आकड्यांवर देते. एक स्टार कापला कारण ज्यांना गरज सगळ्यात जास्त त्यांच्यातच ती थोडी कमी चालते.

या वर्षी जूनमध्ये सातारला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आत्याच्या घरी बोलावून तिलाही दिली. तिचं शरीर किती उत्तर देईल कोण जाणे, एवढं थकलेलं आहे, म्हणून तिला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींना आणि शाळेत जाणाऱ्या तिच्या पणतूलाही त्याच दिवशी दिली. कॅनडातल्या हटराइट या एकत्र राहणाऱ्या धार्मिक समाजाच्या वस्त्यांमध्ये नुसत्या मुलांना लस दिली तर लस न घेतलेल्या बाकीच्यांचा फ्लू ६१ टक्क्यांनी कमी झाला होता, २०१० चा अभ्यास, तो डोक्यात होता. पणतू जरा रडला. आत्याने पलंगावरून हात लांब करून त्याच्या दंडावरचा कापूस धरला, आणि तिच्या दंडावरचा मी. तिघांच्या कार्डांवर स्टिकर लावून घेतलंय, कार्डं देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीत, पुढच्या मे महिन्याची तारीख टाकून.